खांबाच्या वर

ज्या राष्ट्रांनी दीडशे वर्षे धुराडी पेटती ठेवली, त्यांच्याकडे धुराचा पुरावा कोणी मागत नाही; ज्यांच्या उंबऱ्यात समुद्र आला, त्यांना मात्र समुद्राचा द्यावा लागतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही. हवामान परिषदेच्या सहाव्या सभागृहात तो पाळला जात होता, इतकेच.

पुरावा घेऊन आल्या होत्या भरतीच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई. त्यांच्या देशाचे शिष्टमंडळ दोन माणसांचे: एक त्या, दुसरे त्यांचे सख्खे मामा, पर्यावरण खात्याचे सचिव. समोरच्या श्रीमंत देशाचे एकशे चाळीस जण. त्यांतले दोघे केवळ उरलेल्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळत.

बाईंची मागणी एकच होती. किनाऱ्यावरची तीनशे घरे मागच्या टेकडीवर हलवायची, आणि त्यासाठी वस्तीचे नाव हानिग्रस्तांच्या यादीत यायला हवे. त्यांतल्या एका घरात बाईंची आई वर्षभर पलंगाखाली विटा रचून झोपत होती. यादीची अट: तीस वर्षांच्या, एकही दिवस न चुकलेल्या नोंदी.

त्या होत्या. धक्क्याशेजारी आकडे रंगवलेला तीन मीटरचा लोखंडी खांब होता. रोज भरतीला पाणी कुठवर चढले ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. एकोणीस वर्षे वडिलांनी लिहिले, अकरा वर्षे बाईंनी. वडिलांचा दंडक होता: डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहायचे.

यादीच्या समितीवर असलेल्या, श्रीमंत देशाच्या तज्ज्ञसाहेबांनी सगळ्या वह्या आस्थेने चाळल्या. ज्या आस्थेला पुढे काहीच करावे लागत नाही, ती फार सुबक असते. शेवटच्या वहीपाशी ते थांबले.

“इथं आकडा नाही, बाई. शब्द आहेत.”

“‘खांबाच्या वर.’ बरोबर आहे.”

“चौऱ्याण्णव वेळा?”

“चौऱ्याण्णव दिवस खांब दिसलाच नाही.”

“मग पाणी किती होतं?”

“खांबाच्या वर.”

“वर म्हणजे किती?”

“दिसलं असतं तर लिहिलं असतं, साहेब.”

तज्ज्ञांनी खेदपूर्वक शेरा मारला: चौऱ्याण्णव दिवसांची मोजणी उपलब्ध नाही. समुद्र मोजता येणार नाही इतका चढला, म्हणून तो चढलाच नाही. असा निष्कर्ष एकट्या माणसाने काढला तर घरचे लोक त्याला डॉक्टरकडे नेतात. चाळीस जणांच्या समितीने काढला की त्याला निकष म्हणतात.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी मामांनी भाचीला गाठले.

“अगं, तीन पॉइंट एक लिही आणि मोकळी हो! त्या बेटवाल्यांनी अख्खं वर्ष खुर्चीत बसून भरलं. लागलं की त्यांचं नाव!”

“आणि खरं साडेतीन असलं तर?”

“कोण येणार आहे पट्टी घेऊन?”

“खोटंच लिहायचं असतं, तर मामा, मी तुमच्या खात्यात लागले असते.”

“जागा निघाल्या होत्या. तू फॉर्म भरला नाहीस.” मामांचा आवाज मग खाली आला. “ताईला काय सांगू मी? विटांचा अजून एक थर लाव म्हणून?”

बाईंनी वही उघडली, पेनचे टोपण काढले. पहिल्या ‘खांबाच्या वर’पाशी पेन बराच वेळ थांबले. मग त्यांनी टोपण लावले आणि वही मिटली.

दुपारी मुख्य बैठक भरली. परिषदेचे निर्णय एकमताने होतात. म्हणजे कोणी देशाच्या नावाची पाटी उभी धरून हरकत घेतली नाही तर. अध्यक्षांनी यादी वाचली. बाईंची वस्ती तीत नव्हती. तिच्याऐवजी तोंडाला पुसायला एक पान होते: श्रीमंत देशाकडून भरती मोजण्याचा नवा खांब, भेट. तीस वर्षांची गणना तो बसवल्या दिवसापासून.

बाईंनी पाटी उचलली, डोक्याच्याही वर धरली. सकाळी शेवटच्या रांगेतला कोणाचा रिकामा पेला अध्यक्षांना व्यासपीठावरून दिसला होता. आता त्यांची नजर सभागृहभर फिरली आणि पाटीवरून, ओल्या फरशीवरून जपून जावे तशी, पुढे गेली.

“हरकत नाही. संमत.”

हातोडा पडला. टाळ्या झाल्या. मामांनीही सवयीने दोन वाजवल्या, आणि मग हात मांडीखाली घातले.

भेट स्वीकारतानाचा फोटो बाहेरच्या दालनात काढायचा होता. लांबलचक पेटीचे एक टोक तज्ज्ञांनी धरले, दुसरे बाईंना दिले.

“हसा की थोडं, बाई. नवा कोरा आहे.”

“उंची किती याची?”

“साडेतीन मीटर. तुमच्या खांबापेक्षा अर्धा मीटर जास्त!”

“पुरणार नाही.”

“कशावरून म्हणता?” तज्ज्ञ खरोखरच उत्सुक झाले, शेवटी शास्त्रज्ञ होते. “किती लागेल? साधारण आकडा सांगा.”

बाईंनी आपले टोक हळूच खाली टेकवले.

“आकडा तुम्हालाच हवाय ना? मग या आमच्याकडे. हा खांब आम्ही बसवू, तुम्ही त्याच्या टोकावर उभे राहा. भरतीला पाणी तुमच्या कुठवर येतं ते मी धक्क्यावरून पाहीन. घोटा, गुडघा, गळा, जे दिसेल ते. सेंटिमीटरमध्ये लिहीन.”

मामा परिषदेत पहिल्यांदाच मोठ्याने हसले. फोटो निघाला तो त्याच क्षणी. त्यात पेटीचे एकच टोक कोणाच्या तरी हातात आहे, आणि ज्याच्या हातात आहे तो स्वतःच्या बुटांकडे पाहतो आहे.