गोडादऱ्यातला बुजवलेला कोनाडा

मी एक जुना कोनाडा आहे. मित्रांनो, तुम्ही मला शोधायला आलात तरी सापडणार नाही. सुरतेत गोडादऱ्याच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत मी आहे; पण माझ्या तोंडावर आता विटा आहेत आणि विटांवर फिकट गुलाबी रंग आहे.

माझा जन्म म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. भिंत वर चढत असताना गवंड्याने एका जागी विटा लावल्या नाहीत. जी जागा मोकळी राहिली, तो मी. पण ती चुकून राहिली नव्हती. घराचे मालक भिकनभाऊ खानदेशातल्या पारोळ्याकडून इथे सुरतेत, उधना भागात कापडाच्या लूमवर कामाला आलेले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हे घर बांधायला काढलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी एकच गोष्ट मागितली. त्या म्हणाल्या, "कानबाईले जागा पाहिजे."

कानबाई ही खानदेशी घरांची देवी. सुभद्राबाईंच्या घरी तिची मूर्ती नव्हती, नारळ होता. सासूकडून सुनेकडे आलेला तोच जुना नारळ श्रावणातल्या रविवारी साडी-दागिने घालून मांडायचा, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पाण्यावर न्यायचा आणि बुडवून परत घरी आणायचा. उरलेलं वर्षभर तो लाल फडक्यात गुंडाळून माझ्याकडे असे. घरात कपाट होतं, पेटी होती, पण हा मान माझा होता. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी सुभद्राबाई घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू मोजून रोटाला घेत. रोट हा कानबाईचा नैवेद्य. तो घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. हेमराज आणि योगेंद्र ही त्यांची दोन मुलं पुरणाचा वास घेत माझ्यासमोर बसून राहत. एरवी हेच दोघे माझ्या कोपऱ्यात गोट्या लपवत आणि मार खात. दिव्याच्या काजळीने माझं कपाळ काळं झालं होतं. सुभद्राबाई ते कधी घासत नसत.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, त्या वर्षी गल्ली ओस पडली. जो तो गावाकडे पळत सुटला. त्या घाईत सुभद्राबाई स्वतःच्या कपड्यांचं बोचकं विसरल्या. पण नारळ पदराला बांधून नेला आणि तसाच परत आणून माझ्याकडे ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे भिकनभाऊ वारले. हेमराज सुरतेतच पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात लागला आणि तिकडेच फ्लॅटमध्ये राहायला गेला. योगेंद्र वापीला गेला. घर विकायचं ठरलं. आईने चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे राहायचं, हेही ठरलं. ते दोघांनी ठरवलं.

विकायचं घर सजवतात, हे मला तेव्हा कळलं. ज्या भेगांकडे भिकनभाऊंच्या आजारपणात कोणी पाहिलं नव्हतं, त्या आता भरल्या गेल्या. ओल दिसू नये म्हणून तिच्यावर रंगाचे दोन हात चढले. एका दुपारी दलाल आला. माझ्या काळ्या कपाळाकडे बघून तो हेमराजला म्हणाला, "आ गोखलो पूरी दो, भाई. पार्टीने सपाट भींत गमे."

हा कोनाडा बुजवा, गिऱ्हाइकाला सपाट भिंत आवडते. एवढ्यावर माझा निकाल लागला.

रविवारी दोघे भाऊ सामान बांधायला आले. सुभद्राबाईंनी माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "कानबाई कोनाघर जाई?"

हेमराज म्हणाला, "माय, फ्लॅटमा रोट कसा व्हई? सोवळं पाळाले जागा नही. योगेंद्र लई जाई."

योगेंद्र दोरी आवळत म्हणाला, "मोठा भाऊ शे ना? देव मोठाकडेच ऱ्हास."

"मी चार महिना आठे, चार महिना तठे," सुभद्राबाई म्हणाल्या. "देवले बी तसंच लई फिरू का?"

योगेंद्रने दोरीला गाठ मारली. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे त्या बाईला कोणी शिकवायला नको होतं. टेम्पो भरून दोघे गेले; गवंड्याचं काम होईपर्यंत आई मागे राहिली. जाताना प्रत्येकाला वाटलं असणार, नारळ दुसरा नेईल.

दुसऱ्या दिवशी चिंधा गवंडी आला. तोही खानदेशातलाच. माझ्यात हात घालून तो थबकला.

"मावशी, हाऊ नारय काढी ल्या."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिले आठेच ऱ्हाऊ दे. तू ईट लाव."

"पाप लागी, मावशी."

"लागी ते माले लागी."

त्यांनी लाल फडकं नीट केलं. शेवटचा दिवा लावला. चिंध्याने खालून विटा लावत आणल्या, तसा त्यांचा चेहरा माझ्यापुढून थोडा थोडा कमी होत गेला. त्या रडत नव्हत्या. दिवा आत काही वेळ जळला आणि विझला. मित्रांनो, मला फार भीती वाटली.

घर विकलं गेलं. श्रावणात गल्लीत ढोल वाजला, बायकांनी कानबाईची गाणी म्हटली. नारळ माझ्यातच होता. आमच्या घरच्या पुरुषांच्या नावाचे गहू त्या वर्षी कुठे मोजले गेले असतील, असं मला वाटत नाही.

मग एकदा नव्या मालकाने कॅलेंडरसाठी नेमका माझ्यावर खिळा ठोकला. खिळा आरपार आत आला आणि लटपटू लागला. त्याने तो ओढून काढला. भोकातून बोटभर उजेड आला आणि लाल फडक्यावर पडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस विचारील, इथे पोकळ का आहे? त्याने साबणाचा तुकडा भोकात दाबला, वरून बोट फिरवलं आणि वीतभर बाजूला दुसरा खिळा ठोकला.

मित्रांनो, घर विकायची वेळ कोणावरही येते. भिंती रंगवा, भेगाही भरा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही विचारलं, तर दोरी आवळत बसू नका. 'भाऊ नेईल' असं म्हणू नका. दोघेही तेच म्हणतात आणि मग कोणीच नेत नाही. माझ्यासाठी कोणी येईल अशी आशा मला उरलेली नाही. सुभद्राबाई सध्या कोणाकडे आहेत, तेवढं मात्र कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.