मालगाडी गेल्यावर मोजा

मित्रांनो, मी एक जुनी मोजदांडी आहे, दोन रुळांमधलं अंतर मोजणारी. रुळांवर काम करणारे मला गेज म्हणतात. कारखान्यात माझ्या अंगावर बारीक रेघा कोरून झाल्यावर कारागीर म्हणाला होता, "आता हिला खोटं बोलता येणार नाही." ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

पुढे मी मुकादमकाकांच्या हाती आले. वीस वर्षं आम्ही दोघं रुळांच्या कडेने चाललो. काकांची एक पद्धत होती. ते रुळाच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूने, ओल्या मातीची गोळी चिकटवत आणि मालगाडी जाईपर्यंत थांबत. ओझ्याखाली रूळ बाहेर सरकला तर माती दाबली जाई. गाडी गेल्यावर रूळ परत जागेवर येई, पण मातीपाशी फट उरे. माझं माप अधिक ती फट, हे खरं अंतर. मोठे साहेबसुद्धा तेव्हा माझं कौतुक करत.

मग मोजणीयंत्र आलं. रुळांवर ढकलायची हलकी गाडी, तिच्या पडद्यावर आकडे. मी कचेरीच्या भिंतीवर गेले. माझ्यावर टोप्या लटकल्या, छत्र्या लटकल्या, कुणीतरी रोज ओला टॉवेल वाळत घालू लागलं. मला गंज चढला.

अशात सरकारचं नवं धोरण आलं. आमच्या मार्गावर फक्त मालगाड्या धावत. त्यांचं वजन वाढवायचं ठरलं आणि त्याच रुळांवर प्रवासी गाडीही सोडायची ठरली. मात्र सुरक्षा तपासनिसांची सही झाल्याशिवाय प्रवासी गाडी हलणार नव्हती.

तो दिवस उजाडला. गाडी बारा वाजता सुटणार होती. तपासनीस बाई सकाळी कचेरीत आल्या. त्यांची सहा वर्षांची लेक आजीबरोबर स्टेशनवर होती. पहिल्या गाडीत बसायचंच, म्हणून हटून बसली होती. यंत्राचे आकडे ठीक होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

दारातून मुकादमकाकांनी विचारलं, "बाई, यंत्र कधी फिरवलं?"

"पहाटे. रूळ मोकळे होते तेव्हा."

"मोकळ्या रुळांना काय धाड भरलीय? ओझ्याखाली बघा की!"

"काका, नियमात तसं नाहीये."

"नियमात नसेल. वळणावर असलं तर?"

बाईंनी टोपण लावलं. काकांनी भिंतीवरून मला उतरवलं, टॉवेल खुर्चीवर फेकला. आम्ही वळणावर गेलो. गोळ्या चिकटवल्या. पावणेअकराची मालगाडी आली आणि मी खडीत पडल्या पडल्या थरथरत राहिले. डबे संपता संपेनात.

शेवटचा डबा गेला. काकांनी मला रुळांवर टेकवलं; माझं माप यंत्रासारखंच ठीक होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या. मातीपाशी त्यांची करंगळी सहज आत गेली. रूळ धरून ठेवणाऱ्या खालच्या पकडी ढिल्या झाल्या होत्या.

फोन वाजला. साहेब होते. "अहो बाई, झेंडा दाखवायला मंत्री निघालेत! मातीच्या गोळीसाठी गाडी अडवणार तुम्ही?"

"साहेब, पाच मिनिटं द्या," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"आई, मी खिडकी पकडलीये! तू कुठेयस?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मातीकडे.

"राणी, खाली उतर. आजीकडे दे फोन."

आणि मग त्यांनी स्वतःच साहेबांना फोन लावला. "साहेब, माझ्या मुलीला मी गाडीतून उतरवलंय. बाकीच्यांच्या आयांना काय सांगू, ते तुम्ही सांगा."



सही झाली नाही. लोकांनी फलाटावर आरडाओरडा केला. लेक दोन दिवस आईशी बोलली नाही. बाईंना वर बोलावून चांगलं झापलं. पण वळणावरच्या पकडी बदलल्या गेल्या आणि पंधरा दिवसांनी मालगाडी जाऊ देऊन पुन्हा मोजणी झाली. मातीपाशी फट नव्हती. तेव्हा कुठे सही झाली. लेकीने तीच खिडकी पकडली. नियमांच्या पुस्तकातही एक ओळ वाढली: मालगाडी गेल्यावर मोजावे.

मित्रांनो, यंत्राशी माझं भांडण नाही. ते मोजतं ते बरोबरच असतं. पण सगळं ठीक आहे असं कुणी सांगितलं, तर कधी मोजलं ते जरूर विचारा. आणि मला अधूनमधून तेलाचं बोट लावा. ओले टॉवेल तेवढे दुसरीकडे वाळवा. गंजाने माझ्या रेघा पुसल्या गेल्या, तर मलाही खोटं बोलावं लागेल.