दोघांच्या हातचं खाणं

माझा दादा स्वभावानं फार चांगला आहे, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्याबरोबर फर्निचरचा कारखाना चालवावा लागत नाही. मला लागतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका छपराखाली, तो त्या भिंतीकडच्या टेबलावर, मी या भिंतीकडच्या, मध्ये करवतीचं यंत्र. आणि कित्येक महिने आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हतो. कारण म्हटलं तर किरकोळ. एका गिऱ्हाइकाचं कपाट त्याच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. जिना मी मोजला असेल असं दादानं धरून चाललं होतं, दादानं मोजला असेल असं मी. कपाट तिथेच कापून खाली आणावं लागलं. मग चूक कोणाची यावर जे वाजलं, त्यानंतर बोलणंच खुंटलं. सगळे निरोप वहिनींमार्फत. वहिनी आमच्याकडे पॉलिशचं काम बघतात, आणि 'दादाला सांगा', 'त्याला सांग' ऐकून त्यांचे कान किटले होते.

अशा ठिकाणी खरं तर कुत्र्याचं पिल्लू आणू नये. पण कारखान्याला राखण हवी म्हणून वहिनींनीच आणलं. मोठ्या जातीचं होतं. आई-बाप वासराएवढे, आणि याचे पंजे आत्ताच एवढे मोठे की चालताना स्वतःच्याच पायात अडखळायचं. दिवसभर लाकडाच्या भुशात लोळायचं, म्हणून नाव पडलं भुश्या. दोघांनाही त्याचा लळा लागला. आमच्यात एकमत झालेली ती एवढी एकच गोष्ट.

पहिल्याच आठवड्यात खाण्यावरून पेटलं. दादाचं म्हणणं, कुत्रा हा मांस खाणारा प्राणी, त्याला कच्चं मांस आणि हाडंच हवीत. कुत्र्यांचे पाकिटातले ते कोरडे दाणे म्हणजे आमच्या यंत्राखालचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या. माझं म्हणणं, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळे दाणे मिळतात, त्यात सगळं मोजूनमापून घातलेलं असतं, आणि उरलीसुरली हाडं घालून कुत्रं वाढवायचे दिवस गेले. हे सगळं आम्ही वहिनींना सांगत होतो. त्या मध्ये उभ्या, हातात पॉलिशचा बोळा, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. शेवटी त्या म्हणाल्या की अर्धं हे घाला, अर्धं ते घाला आणि मला मोकळं करा. दोघांनीही मान डोलावली.

इथे खरी गंमत आहे, आणि मला अजून तिचा संताप येतो. अर्धं म्हणजे किती, हे कोणी कोणाला विचारलं नाही. दादाच्या लेखी माझे दाणे हे खाणंच नव्हतं, म्हणून तो दिवसभर पुरेल एवढं मांस आणि हाडं घालायचा. त्याचं मांस मी हिशेबात धरतच नव्हतो, म्हणून पाकिटावर दिवसभरासाठी लिहिलेलं माप मी पूर्ण घालायचो. भुश्या दोन्ही भांडी चाटूनपुसून लख्ख करायचा. त्यानं कशाला तक्रार करावी?

तो वाढायलाही लागला, आणि काय वाढला. गिऱ्हाइकं कौतुक करायची, की काय तब्येत आहे, काय घालता हो याला. दादा छाती फुगवून हाडांचं सांगायचा, मी पलीकडून मुद्दाम मोठ्यानं दाण्यांचं. मग एक दिवस भुश्या समोरून चालत आला आणि मला त्याचे पुढचे पंजे बाहेर वळलेले दिसले. मनगटं गाठीसारखी सुजली होती. दारापर्यंत जाऊन तो मध्येच खाली बसला. रंधा ठेवून दादाही बघत उभा होता, पण 'हे काय झालं?' एवढं विचारायलाही दोघांची जीभ वळली नाही. विचारलं वहिनींनी. डॉक्टरांकडे तिघंही गेलो.

डॉक्टरबाईंनी पाय दाबून पाहिले, एक्स-रेचे फोटो काढले आणि दिवसाला किती खातो ते विचारलं. मी माझं माप सांगितलं. दादानं भिंतीकडे बघत त्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दोन कुत्र्यांचं खाणं तुम्ही एकाला घालताय?" वहिनींनी कपाळावर हात मारला.

मग बाईंनी नीट समजावलं. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढायला हवं. वजन भराभर वाढलं की कोवळ्या हाडांना ते पेलत नाही. दाण्यांत कॅल्शियम असतंच, त्यावर रोज हाडं घातली की ते जास्त होतं, आणि एवढ्या लहान पिल्लाला जास्तीचं बाहेर टाकता येत नाही. वाढ सुरू आहे तोवर पाय सरळ व्हायची आशा आहे. ती थांबली की आहे तसंच राहणार, आणि एवढं वजन वाकड्या पायांवर जन्मभर वाहायचं. मुख्य खाणं दाणेच ठेवा, त्या म्हणाल्या, कच्चं मांस चालेल, पण थोडं, बिनहाडाचं, आणि ते घालाल त्या प्रमाणात दाणे कमी करा. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागल्या पाहिजेत. मी मनात म्हटलं, बघा, दाणे मुख्य. दादा मनात म्हणाला असणार, बघा, कच्चं चालतं.

घरी आल्यावर वहिनींनी जाहीर केलं की आजपासून त्या एकही निरोप पोचवणार नाहीत. तरी आम्ही बोललो नाही. एवढं झाल्यावरही नाही. त्याऐवजी खाणाखुणांची युक्ती निघाली. भांडं एकच ठेवायचं, आणि भुश्याचं खाऊन झालं की ज्यानं घातलं त्यानं ते पालथं करायचं, म्हणजे दुसऱ्याला कळेल. कोणी सुरू केलं आठवत नाही, पण दोघांनाही ते फार सोयीचं वाटलं. फक्त भुश्याला ही युक्ती कोणी समजावली नव्हती. भूक लागली की तो रिकामं भांडं नाकानं ढकलत कारखानाभर फिरवायचा. कधी ते पालथं पडायचं, मग तो दुपारपर्यंत उपाशी. कधी उताणं व्हायचं, मग त्याचं दुसरं जेवण. दोन मोठी माणसं, हातात मोजायची टेप घेऊन जन्म घालवलेली, आणि कुत्र्याच्या भांड्याकडे बघून अंदाज बांधत होती.

पुढच्या तपासणीला वजन हवं त्याहून जास्तच वाढलं होतं. डॉक्टरबाई वैतागल्या. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?" त्यांनी सहज विचारलं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाण्यांचं पाकीट उघडत होतो. दादा दारात चप्पल काढत होता. भुश्या आमच्या मध्ये, शेपटी जमिनीवर आपटत.

"घातलंस का?" दादानं विचारलं.

"आत्ता घालतोय."

"मग मी संध्याकाळी."

एवढंच. मला वाटलं होतं बोलायला लागलो की आधी भांडण होईल. तसं काही झालं नाही. रोज तेवढंच बोलायचो आणि रोज स्वतःवर चिडायचो, की हे दोन शब्द एवढे महाग का केले होते.

भुश्या बारीक झाला. येणारे-जाणारे आता म्हणायचे, उपाशी ठेवता की काय याला. आम्ही आळीपाळीनं त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचो आणि ऐकून घ्यायचो. डावा पाय हळूहळू सरळ झाला. उजवा होईल म्हणून वाट पाहत राहिलो.

वाढ थांबत आली तेव्हा बाईंनी पुन्हा फोटो काढले. उजवा पाय आता असाच राहील, त्या म्हणाल्या. चालेल-फिरेल, पण वजन वाढू देऊ नका, उड्या मारू देऊ नका, थंडीत दुखेल.

दादानं विचारलं, "हाडांमुळे झालं, की एकूण खाणं जास्त झालं म्हणून?"

याच उत्तरासाठी मी इतके महिने थांबलो होतो. हाडांमुळे, असं त्यांनी म्हणावं आणि दादानं ते ऐकावं. आणि आता मला ते मुळीच ऐकायचं नव्हतं.

"ते वेगळं काढता येत नाही," बाई म्हणाल्या. "कोणाचं किती, ते फोटोत दिसत नसतं."

भुश्या टेबलाखालून उठला, उजवा पंजा बाहेर टाकत आधी दादाकडे गेला, त्याचा हात चाटला, मग माझ्याकडे आला आणि मान माझ्या गुडघ्यावर टेकवून वर पाहायला लागला, नेहमीच्याच आनंदात. त्याच्या जागी मी असतो तर आम्हा दोघांचंही पुन्हा तोंड पाहिलं नसतं.