एक फसलेला वाचक हवा आहे

संगणकाच्या मासिकाच्या कचेरीत त्यांना सगळे 'मधले' म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कुठलीही चाचणी ते तीनदा घेत आणि मधला आकडा छापत. सगळ्यात चांगला आकडा म्हणजे यंत्राचा माज आणि सगळ्यात वाईट म्हणजे रुसवा, असं त्यांचं मत. माणसांबद्दलही त्यांचं हेच मत असावं, पण तसं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांची खोली मजल्याच्या टोकाला होती. तिथे पूर्वी जुने अंक ठेवत. खिडकी नाही. टेबलावर पुठ्ठे अंथरून त्यांवर पाच मदरबोर्ड उघडेवाघडे मांडलेले. पेटीच नसल्यामुळे चालू करायचं बटणही नाही. मधले दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून एकेकाला जागं करत.

या वेळची तुलना मोठी होती. नव्या प्रोसेसरची सिस्टिम बस, म्हणजे प्रोसेसरमधून माहिती बाहेर पडण्याचा हमरस्ता, आधीपेक्षा दीडपट वेगाची होती. त्या रस्त्यावरचा हवालदार म्हणजे चिपसेट. पाच बोर्डांवर पाच कंपन्यांचे पाच हवालदार. त्यांतला कोणता बरा, एवढंच वाचकांना सांगायचं होतं.

चाचणी ठरलेली. मेहुणीच्या वाढदिवसाची वीस मिनिटांची चित्रफीत आवळून लहान करायला किती वेळ लागतो, ते मोजायचं. त्या चित्रफितीत साडू खुर्चीवरून पडतो. मधल्यांनी चार वर्षांत त्याला हजारदा तरी पाडला होता. साडूला हे माहीत नव्हतं.

पहिले चार चिपसेट सहा मिनिटं दहा ते तेरा सेकंदांत आले. दर वेळी असंच व्हायचं. पहिला आणि शेवटचा यांच्यात चार सेकंदांहून जास्त फरक कधी पडला नव्हता, आणि त्या चार सेकंदांवर मधल्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. पाचवा चिपसेट ज्या कंपनीचा, ती दर तुलनेत शेवटून पहिली. मधले तिला प्रेमानं 'शेपूट' म्हणत.

शेपटानं काम चार मिनिटं चाळीस सेकंदांत संपवलं.

मधल्यांना पहिल्यांदा वाटलं, यात काहीतरी लबाडी आहे. मग त्यांचं लक्ष मेमरीच्या पट्ट्यांकडे गेलं. कंपनीनं बोर्डासोबत नव्या, वेगवान पट्ट्यांची जोडी पाठवली होती. एरवी अशी जोडी ते काढून ठेवत आणि चार वर्षांपूर्वी खोली सुरू झाली तेव्हा घेतलेल्या दोन पट्ट्या सगळ्यांना आळीपाळीनं लावत. सगळ्यांना एकच माप, म्हणजे अन्याय नाही. आज फोन वाजला आणि ते काढायचंच विसरले.

त्यांनी नवी जोडी बाकीच्या चौघांना लावून पाहिली. चारही पळत सुटले, आणि प्रत्येक जण वेगळा पळाला. कुणी पाच मिनिटं, कुणी साडेपाच. शेपूट तरीही सगळ्यांच्या पुढे.

तेव्हा मधले स्टुलावर बसले. रस्ता दरवर्षी रुंद होत होता, पण टोकाला पूल मधल्यांच्या जुन्या पट्ट्यांचाच, एका गाडीचा. तिथे सगळेच हवालदार सारखे. चार वर्षं त्यांनी एकही चिपसेट मोजला नव्हता. स्वतःच्याच दोन पट्ट्या मोजल्या होत्या, त्याही तीन-तीनदा.

डबा न उघडता ते संपादकांकडे गेले आणि म्हणाले, याच अंकात चूक कबूल करू या. संपादक भला माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, चार वर्षांत तक्रारीचं पत्र एखादं आलं का? नव्हतं आलं.

"अहो मधले, चुकीला दोघं लागतात," संपादक म्हणाले. "एक करणारा, एक फसणारा. तुम्ही अर्धीच चूक घेऊन आलायत. फसलेला एक वाचक आणा, नावासकट माफी छापतो. गुरुवारी चारला पानं जातात."

मधल्यांनी आधी शेपटाच्या विक्री प्रतिनिधीला फोन केला. तो म्हणाला, आमचा चिपसेट विभाग या महिन्याअखेर बंद होतोय. मधल्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"माझ्यामुळे?"

"नाही हो साहेब. तुमचा अंक आमच्याकडे येतो का, तेच बघावं लागेल." त्यानं कुणाला तरी विचारलं. "येतो म्हणे. पाकिटं नीट ठेवलीयत."

मग ते संगणकाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चहा पाजला आणि समजावलं की गिऱ्हाईक पेटीचा रंग विचारतं, चिपसेट आजवर कुणी विचारलेला नाही. अंकासोबत फुकट मिळणाऱ्या सीडीच्या चकत्या मात्र त्याला फार उपयोगी पडत. त्या दोरीला बांधून दारात लटकवल्या की कबुतरं आत येत नाहीत.

उरला साडू. त्यानं तर मधल्यांना विचारून संगणक घेतला होता. मधले आशेनं गेले. साडू बराच वेळ चुळबुळला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलेला दुकानात नव्हता. दुसराच घेतला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मधल्यांनी त्याला माफ केलं. खुर्चीचं काही बोलले नाहीत.

घरी येऊन ते जेवायला बसले आणि भात नुसता कालवत राहिले. बायकोनं सगळं काढून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्या घरातला संगणक कुणाचं वाचून घेतला?"

मधले ताटावरून उठले. इतका उजळलेला चेहरा तिनं लग्नानंतर पाहिला नव्हता.

गुरुवारी साडेतीनला ते संपादकांसमोर उभे राहिले. वाचक सापडला होता. अंक वाचून, विश्वास ठेवून, चुकीचा बोर्ड घेऊन बसलेला.

"नाव?" संपादकांनी पेन उघडलं.

"माझंच."

संपादकांनी पेन मिटलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. "कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक चालत नाहीत, मधले. शब्दकोड्याखाली दर महिन्याला आपणच छापतो ना."

निदान नवे आकडे तरी छापा, असं मधले म्हणाले. पण नवे आकडे जुन्या तक्त्यांशी जुळत नव्हते, आणि संपादकांच्या मते वाचकांचा गोंधळ उडाला असता.

"कुठल्या वाचकांचा?" मधल्यांनी विचारलं.

संपादकांनी घड्याळाकडे बोट केलं. मधले खोलीत परतले आणि त्यांनी शेपटाला जुन्या पट्ट्या लावल्या. सहा मिनिटं बारा सेकंद. पाचही चिपसेट पुन्हा भावंडांसारखे दिसू लागले, आणि पाचांनाही 'संपादकांची पसंती' हा शिक्का मिळाला. पाचही कंपन्या जाहिराती देत असल्यामुळे हे बरंच झालं.

अंक निघाल्यावर मधले तीन आठवडे रोज टपालाच्या ट्रेपाशी जाऊन उभे राहत. कुणीतरी चिडून लिहील, एवढीच आशा होती. महिनाअखेरीला शेपटाचा विभाग ठरल्याप्रमाणे बंद झाला. त्यानंतर दोन दिवसांनी एक पत्र आलं. मधल्यांनी ते स्वतः फोडलं. शब्दकोड्यातला उभा सतरावा शब्द चुकला आहे, असं एका वाचकानं तावातावानं लिहिलं होतं.

पुढच्याच अंकात संपादकांनी चौकटीत माफी मागितली.