वाद्या

तोत्तोनीने धाकट्या भावाच्या पाठीत गुडघा रोवला आणि चामड्याच्या वाद्या करकचून ओढल्या. काळ्या मेंढीच्या कातड्यावर मिळून तीस किलोच्या घंटा घट्ट बसल्या. त्या बांधायला दुसरा माणूस लागतो, आणि सोडायलाही.

"दादा, जरा सैल ठेव," गोनारियो म्हणाला.

"सैल ठेवल्या तर वाजतील कशा? बाबांच्या जागेवर उभा राहणारेस, वरातीत नाही."

गोनारियोने हात वर करून पाठ ताठ केली. त्याच्या छातीत दुखायचं, डॉक्टरांनी यंदा सक्त मनाई केली होती. पण हे फक्त त्याच्या बायकोला, ग्राझिएत्ताला ठाऊक होतं, आणि तिला तो 'नुसता बघायला जातो' असं सांगून आला होता.

मग दोघांच्याही तोंडावर काळा लाकडी मुखवटा चढला. तो चढला की मामुथोनेने, म्हणजे घंटा बांधून नाचणाऱ्या सोंगाने, तोंड उघडायचं नाही, हा गावाचा रिवाज.

कार्निव्हलचा शेवटचा दिवस होता. बारा जण दोन रांगांत निघाले. एक उडी, सगळ्या घंटा एकदम. चौकापाशी गोनारियोचा श्वास अडला. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसता येईना. पुढे पाठी, मागे मुखवटे, दोन्ही बाजूंना हातात दोर धरून रांग राखणारे, लाल अंगरखे घातलेले दोरवाले. चर्चपर्यंत काढू कसंतरी, असं म्हणत त्याने पाय उचलला. त्याच्या घंटा उशिरा वाजल्या. मग पुन्हा उशिरा.

बेकरीसमोर उभ्या असलेल्या ग्राझिएत्ताने त्याचा दमला की फरफटणारा डावा पाय ओळखला. ती दोराखालून वाकून सरळ रांगेत शिरली. आजवर कुठली बाई तिथे शिरली नव्हती.

"ग्राझिएत्ता, बाहेर हो," तोत्तोनी मुखवट्याआडून गुरगुरला.

"याला घेऊनच होते. चाकू द्या कुणीतरी."

कुणी हललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या धनगराने खिशातला चाकू काढून दिला. तिने वाद्या कापल्या. घंटा फरशीवर आदळल्या.

गोनारियो अकरा दिवस दवाखान्यात होता. वाचला. तोत्तोनी चीज घेऊन एकदाच आला, बसला नाही. "तुझी जागा काकाच्या पोराला दिली," एवढंच म्हणाला. मुखवट्यामागून बोलून तोत्तोनीनेही रिवाज मोडला होता, पण तो विषय गावात कुणी काढला नाही.

पुढच्या वर्षी घंटा गल्लीत आल्या, तेव्हा गोनारियो खुर्चीत बसून होता. पांघरुणाखाली त्याचे पाय ताल धरत होते. ग्राझिएत्ता खिडकी लावायला उठली.

"राहू दे उघडी."

"थंडी आहे," ती म्हणाली, आणि तिने कडी घातली.