ओठांवरचं पाठांतर

राही झोपली की स्वप्नालीचा दिवस सुरू व्हायचा.

साडीच्या झोळीत नऊ महिन्यांच्या पोरीची मूठ सैल पडली, की ही पाय न वाजवता स्वयंपाकघरात जायची, डाळीच्या डब्यामागे ठेवलेले नाटकाचे कागद काढायची आणि ओट्याला टेकून पाठांतराला लागायची. तेही मनातल्या मनात. शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांत चमचा पडला तरी राही जागी व्हायची, आणि एकदा जागी झाली की मग कुठलं नाटक आणि कुठलं काय.

नाटकाचं वेड माहेरचं. सांगलीला कॉलेजात असताना लागलं ते लग्न होऊन साताऱ्याला आली तरी सुटलं नाही. इथं तिला एक हौशी मंडळ मिळालं. दिवसभर जो तो आपापल्या पोटामागं, संध्याकाळी शाळेच्या हॉलात तालीम, मधे कटिंग चहा, आणि वर्षातून एकदा स्पर्धा. मानधन म्हणजे प्रयोगानंतरची मिसळ. बाळंतपणात सगळंच थांबलं. म्हणून यंदा इंद्रजितदानं 'पाटणची गाडी'त तिला शेवंताचं काम दिलं, तेव्हा तिला हॉलच्या पायरीवरच रडू आलं. इंद्रजितदा म्हणजे मंडळाचा दिग्दर्शक. चष्म्याचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकाचे डोळे तपासता तपासता नाटकं लिहितो.

हे नाटक पाटणच्या एसटी स्टँडवरचं. गाडी येत नाही आणि माणसं बोलत राहतात. त्यांत शेवंता पिशवी छातीशी धरून बसलेली. शेवटी ती पिशवीतून एक लोखंडी कडी काढते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या तिच्या घराच्या दाराची कडी. ती हातात धरून जे बोलते, त्यावर अख्खं नाटक उभं.

आणि नेमकी तिथंच स्वप्नाली अडकायची.

"कडी वाजवली, की आतून..." इथवर यायची. पुढं सगळं कोरं. पूर्वी दोनदा वाचलं की डोक्यात बसायचं. आता डोक्याचा एक कान कायम झोळीकडे. घरात असली तरी, तालमीत असली तरी. दूध पुरलं असेल का, उठली असेल का, आत्यांना, म्हणजे सासूला, आवरेल का. शब्दांना आत शिरायला जागाच नाही.

तिसऱ्या तालमीलाही ती तिथंच थांबली, तेव्हा इंद्रजितदानं चष्मा काढून पुसला. तो अवघड बोलण्याआधी तेच करतो.

"स्वप्नाली, राग मानू नकोस. मी सोनियालाही शेवंता पाठ करायला सांगतोय. पुढच्या रविवारी पूर्ण तालीम घेऊ. मग ठरवू, सांगलीच्या स्पर्धेत कोण उभं राहायचं."

सोनिया कॉलेजातली पोर, कडेला उभी. तिचा चेहरा पडला. "ताई, मला नकोय खरं तर."

"नको काय? पाठ कर," स्वप्नाली म्हणाली. आणि घरी जाताना रिक्षात तोंडाला ओढणी लावून बसली. हे काम गेलं तर पुन्हा कधी उभं राहणं होईल, याचा तिला भरवसा नव्हता. आज पोर लहान म्हणून, उद्या शाळा म्हणून, परवा आणखी कशानं. मंडळातल्या किती तरी बाया अशाच नुसत्या प्रेक्षकांत येऊन बसायला लागलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिमरनचा व्हिडिओ कॉल आला.

सिमरन तिची माहेरची, सांगलीजवळच्या माधवनगरची मैत्रीण. एका गल्लीत दोघींची घरं, दोन्ही घरांत यंत्रमाग. माग चालू असला की शेजारच्याचं बोलणं कानात शिरत नाही, म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही; ओठ जरा जास्त हलवायचे, डोळे मोठे करायचे. दोघींनी ही भाषा चालायला लागल्यापासून उचललेली. शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की या दोघी वर्गाच्या दोन टोकांवरून गप्पा मारायच्या. स्वप्नालीच्या वडलांनी माग कधीच विकले. सिमरनच्या अब्बांचे अजून चालू आहेत आणि सिमरन त्यांवर उभी असते.

"तोंड का पाडलंयस?" सिमरनचे ओठ म्हणाले. मागं खटखटाट.

स्वप्नालीनं सगळं सांगितलं, तसंच, बिनआवाजाचं.

"मग मला म्हणून दाखव की."

"राही उठेल."

"आत्ता काय ओरडतेयस का? ओठ हलव. दिसतंय मला. कागदांचे फोटो पाठव."

तेव्हापासून रोज दुपारी तेच. इकडे साताऱ्यात झोळी मंद हलायची, तिकडे माधवनगरात मागावर धोटा पळायचा, आणि मधे फोनच्या काचेवर शेवंता बोलायची. स्वप्नाली चुकली की सिमरन हात वर करायची. धागा तुटल्यावर माग थांबवायची खूण. मग तुटल्या जागेपासून पुन्हा. गंमत म्हणजे कान मोकळे राहिले की डोकंही मोकळं राहतं. झोळीकडे कान, काचेकडे डोळे. शब्द बसायला लागले.

सिमरनला तर स्वप्नालीच्या आधी सगळं नाटक पाठ झालं. एकदा तिनं स्टँडवरच्या कंट्रोलरचे संवाद म्हणून दाखवले, खोकल्यासकट. स्वप्नाली पदर तोंडात कोंबून हसली.

"सिमे, तू कर की गं काम नाटकात!"

"मी?" सिमरननं मागाकडे बोट केलं. "आवाज कुठाय मला? जन्म ह्याच्यात गेला." आणि ती उगीचच धागे निरखायला लागली.

रविवार आला. हॉलात सगळे जमले. कंट्रोलरचं काम नानासोंचं. ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे स्टेजवरही खरं तिकीट मागितल्यासारखं बोलतात. कानाला यंत्र. त्यांनी शेवंताला विचारलं, "बाई, पिशवीत काय?" आणि स्वप्नालीनं कडी काढली.

ती बोलली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता. 'आतून...'ला ती थांबली नाही. डोळे भरून आले, शेवटचं वाक्य संपलं आणि तिनं सुटकेचा श्वास टाकला.

हॉलात सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

नानासोंनी कानातलं यंत्र काढलं, तळहातावर दोनदा आपटलं, पुन्हा घातलं. "आवं इंद्रजितराव, माझी मशीन गेली का वो?"

"ताई..." सोनिया हळूच म्हणाली. "आवाज."

"काय आवाज?"

"काढलाच नाहीत तुम्ही."

स्वप्नालीला आधी कळेचना. मग कळलं, तसे कान तापले. इतके दिवस जसं पाठ केलं, तसंच्या तसं बाहेर आलं होतं. बिनचूक आणि मुकं. नानासो पोट धरून हसायला लागले, मग सोनिया, मग ती स्वतःही. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते मात्र निराळं.

इंद्रजितदानं पुन्हा म्हणायला लावलं. शब्द आले, पण अंगाईच्या आवाजात. "पाठ आहे, हे खरं," तो चष्मा पुसत म्हणाला. "पण हे पहिल्या रांगेतसुद्धा पोचणार नाही. शुक्रवारी शेवटचं बघू. सोनियाची तयारी आहे."

घरी तिनं हे सासूला सांगितलं. तानुबाई भाकरी थापत होत्या. माणदेशातल्या मेंढपाळ घरातल्या, सगळी उमर रानात काढलेली बाई. मुलाला कंपनीत नोकरी लागली तशा साताऱ्याला आल्या. ऐकता ऐकता त्यांची भाकरी परातीतच राहिली, इतकं हसू.

"मुक्यानं नाटक? आगं, मग तिकिटं कुनी काढायची? लोकं घरात भांडान बगत्याली की त्यापरीस!"

"हसू नका ना आत्या. खरंच जाईल काम."

तानुबाईंनी हात धुतले. "सकाळच्याला चल माज्यासंगं. पोरीला बी घ्यायचं."

सकाळी त्या सुनेला चार भिंतींच्या टेकडीवर घेऊन गेल्या. खाली सातारा धुक्यातून नुकता वर येत होता, फिरायला आलेली मंडळी हात हलवत चालली होती. राही तानुबाईंच्या काखेत.

"त्या पल्याडच्या झाडापत्तुर मेंढरू गेलंय. बलीव त्येला."

"इथं? लोक बघतायत."

"नाटकात काय लोकं डोळं मिटून बसत्याती?"

स्वप्नालीनं हाक मारली. तिची तिलाच जेमतेम ऐकू आली. तानुबाईंनी एक मारली, तर पुढं गेलेले दोन म्हातारे थबकून मागं वळले आणि राही दचकून रडायला लागली. स्वप्नाली घ्यायला धावली तशी तानुबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे जरा. आदी ऐक. केवढीशी हाय, आन् आवाज बग. सगळा सातारा उठवंल." त्यांनी नातीचं झबलं वर केलं. "हितं बग. हिचं प्वाट. कसं हलतंय बग. गळ्याला काय बी त्रास न्हाई. तू गळ्यातनं वरडतीस, म्हून बसतुय."

स्वप्नाली बघत राहिली. इवलंसं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. इतके महिने हे रडणं ऐकलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं; ते कुठून येतं, हे बघायची उसंत कधी मिळाली नव्हती. तिनं राहीला घेतलं, उगी केलं, आपल्या पोटावर हात ठेवला. आणि पल्याडच्या झाडाकडे तोंड करून शेवंता बोलली.

राहीचे उरलेसुरले हुंदकेही थांबले. आईच्या पोटातून एवढा मोठा आवाज येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती टकामका बघत बसली.

शुक्रवारी इंद्रजितदानं चष्मा पुसला नाही. सोनियानं स्वप्नालीच्या गळ्यातच उडी मारली. "सुटले! ताई, तुमची कडी मी सांभाळीन, विंगेत माझ्याच हातातून घ्यायची."

प्रयोग सांगलीत दुपारचा होता. टेंपो ट्रॅव्हलर नाट्यगृहाच्या मागच्या दारी लागली, तर सिमरन भडंगाची पिशवी घेऊन आधीच उभी. राहीला तिनं फोनच्या काचेतच पाहिलेलं. राही मात्र कडेवर गेल्या गेल्या तिच्या ओठांकडे बघत राहिली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

"हिला पण येतंय बघ आपलं," सिमरन म्हणाली.

तानुबाई नवी इरकल नेसून पहिल्याच रांगेत जाऊन बसल्या. नटराजापुढं नारळ फुटला. तिसरी घंटा झाली आणि त्याच क्षणी मेकअपच्या खोलीत सिमरनकडे ठेवलेल्या राहीचं रडणं सुरू झालं.

भुकेचं नव्हतं, आत्ताच पाजलं होतं. झोपेचं. स्वप्नाली दाराकडे वळली, पण पडदा सरकत होता आणि सिमरननं आतूनच हातानं खुणावलं, जा. ती गेली. पिशवी छातीशी धरून बाकावर बसली. नाटक रंगत गेलं, नानासोंच्या 'सुट्टे द्या'ला टाळी पडली. पण तिचा एक कान भिंतीपलीकडे होता. रडणं थांबलं. की थांबलं नाही, नुसतं ऐकू येत नाही? बाहेर नेली का? पडली का?

"बाई, पिशवीत काय?" नानासोंनी विचारलं.

तिनं कडी काढली. आवाज पोटातून आला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझ्या घराची आहे ही. घर पाण्यात आहे, दार पाण्यात आहे. मी एवढी सोडवून आणली. रानातून यायला उशीर झाला तर मी कडी वाजवायची. कडी वाजवली, की आतून..."

आणि कोरं.

शब्द नव्हतेच. समोर काळोख, त्यात पहिल्या रांगेतले परीक्षक. विंगेतून कुणी वाक्य सांगितलं तर त्यांना ऐकू जाणार, गुण जाणार. सगळ्या मंडळाचे जाणार. तिनं कडीवर नुसती बोटं फिरवली आणि मान वळवली.

विंगेत सिमरन उभी होती. खांद्यावर राही, तिचा एक हात खाली लोंबलेला, मूठ सैल. सिमरनला पुढचं वाक्य पाठ होतं. सगळंच नाटक पाठ होतं. तिनं डोळे मोठे केले, ओठ सावकाश हलवले. पण ते वाक्य नव्हतं.

"झोपली. तू बोल."

एवढंच.

स्वप्नालीचा तो एक कान किती महिन्यांनी परत आला. तिनं कडी एकदा वाजवली. टण्. बंद नाट्यगृहात तो आवाज फिरून आला.

"आतून आवाज यायचा," ती म्हणाली, "आले गं, आले!"

पुढचं तिला आठवावं लागलं नाही.

पडदा पडल्यावर नानासो घाम पुसत तिच्यापाशी आले. "काय गं पोरी, केवढी थांबलीस! मला वाटलं, आता गाडीच सोडावी." इंद्रजितदा चष्मा पुसत होता, पण या वेळी डोळेही पुसत होता. "ती जागा तशीच ठेव," एवढंच तो बोलला. ती जागा कुणी दिली, हे स्वप्नालीनं त्याला मिसळ खाताना सांगितलं. निकाल लागायला अजून अवकाश होता आणि त्याची कुणाला घाई दिसत नव्हती.

परत निघाले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. राही तानुबाईंच्या मांडीवर भडंगाचा दाणा मुठीत धरून बसलेली. गाडी सुरू झाली, इंजिन घरघरलं, काचा बंद. बाहेर सिमरन उभी. जाऊ लागली, थांबली, परत फिरली. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना, हे पाहिलं. मग काचेजवळ येऊन तिचे ओठ हलले, शाळेतल्या बाकावरून हलायचे तसे, भराभर.

"पुढच्या नाटकात मला पण एक छोटं काम बघ."

स्वप्नालीनं काचेला हात टेकवला. "आधी आवाज काढायला शीक!"

"काय म्हनती ती?" तानुबाईंनी विचारलं.

"नाटकात काम पाहिजे म्हणते."

"मग येऊ दे की साताऱ्याला!" तानुबाईंनी नातीचं झबलं सारखं केलं. "सांग तिला, चार भिंतीवर जाऊ. पोरीचं प्वाट दाखवीते."

गाडी हलली होती. स्वप्नालीनं मान वळवून, ओठ मोठे करून, सासूचा निरोप जसाच्या तसा दिला. बाहेर रस्त्यात उभी सिमरन आधी गोंधळली, मग हसली. लांबून दिसलं ते तिचं हसू एवढं मोठं होतं, की नक्की आवाजासकट असणार.