‘हीच-वापरा’ नावाची फाइल

हातात धरता येणार नाही मला, पण ऐकता येईल. मी सेटिंगची एक फाइल. सात रक्तपेढ्यांचा साठा एकाच पडद्यावर दाखवणारी एक यंत्रणा आहे. तिच्यात काही बदल करायचा झाला की तो बसवणारं साधन आधी फाइल वाचतं. माहिती कुठून घ्यायची, कुणाला दाखवायची, हे फाइल सांगेल तसं. स्वतःची अक्कल ते चालवत नाही.

मला लिहिलं मास्तरांनी, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्या जुन्या इंजिनीयरांनी. ते शिकवत कुणालाच नसत, पण चुका काढायची भारी हौस, म्हणून ते नाव पडलं. सुरुवातीला मी एकटीच होते, चाळीस ओळींची, सुटसुटीत. मग सरावासाठी माझी एक प्रत निघाली. तिच्यात खोट्या साठ्याचा पत्ता. मागोमाग ‘फायनल’, ‘फायनल-नवी’, ‘खरी-फायनल’ आल्या. आठ वर्षांत एका फोल्डरमध्ये आम्ही एकतीस जणी झालो, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. माझं नाव ‘हीच-वापरा’ ठेवलं, तरी कुणी बघेल तर ना! वर पासवर्डही माझ्याच पोटात, कुणीही उघडून वाचावा असा. जीव नुसता टांगणीला.

कोणती फाइल कधी चालवायची, हे फक्त मास्तरांना ठाऊक. कुणी आवरायचं नाव काढलं की म्हणायचे, “चालतंय ना? मग हात लावू नका.”

एका मंगळवारी मास्तर मोतीबिंदू काढायला गेले. नव्याने रुजू झालेल्या इंजिनीयर ताईंनी दुपारी एक किरकोळ बदल बसवला. फाइलीचं नाव दिलं नव्हतं, म्हणून साधनाने सवयीप्रमाणे सगळ्यात ताजी फाइल उचलली. ती निघाली सरावाची.

पाचच मिनिटांत एका रक्तपेढीतून परिचारिकेचा फोन.

“अहो ताई, पडद्यावर ओ निगेटिव्हच्या बावीस पिशव्या दिसतायत. फ्रिज उघडला तर दोनच! तिकडे ऑपरेशन सुरू व्हायचंय. खरं काय मानू?”

ताई ताडकन उठल्या. “फ्रिज खरा! पडद्याकडे बघूच नका. सगळ्या पेढ्यांना फोन करून पिशव्या मागवा.”

मग त्या एकेक फाइल उघडत सुटल्या. मी ओरडत होते, पण फाइलीला कुठला आवाज? तेविसावी मी निघाले. माझं नाव देऊन त्यांनी साधन पुन्हा चालवलं आणि पडद्यावर दोन पिशव्या दिसल्या. ऑपरेशन तासभर लांबलं, पण रक्त पोचलं, रुग्ण वाचला. ते कळल्यावर ताई टेबलावर डोकं टेकून रडल्या. मग पाणी प्यायल्या आणि मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, मी हे आवरायला घेतेय. दोन दिवसांनी या. मी वाचते, तुम्ही फक्त सांगा.”

पलीकडून मास्तर म्हणाले, “चूक माझी आहे, पोरी. काल सरावाची फाइल बदलली आणि तुला सांगायचं राहिलं.”

मास्तर आले, काळा चष्मा लावून. चार दिवस दोघं शेजारी बसले. एका ओळीवर गाडी अडली.

“ही कशासाठी?”

“आठवत नाही.”

“मग काढू?”

“नको. भीती वाटते.”

सरावात काढून पाहिली. काहीही झालं नाही! मास्तर इतके मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली.

जुन्या अठ्ठावीस जणींना निरोप मिळाला. सराव, चाचणी आणि प्रत्यक्ष काम, तिघांना वेगळे फोल्डर. सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी एकाच सामायिक फाइलीत. पासवर्ड कुलूपबंद जागी गेले. आता कोणता फोल्डर ते सांगितल्याशिवाय साधन जागचं हलत नाही. मला बारा ओळी उरल्या. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या महिन्यात मास्तर पहिल्यांदाच दहा दिवस बहिणीकडे राहून आले. तेवढ्यात ताईंनी दोन बदल बसवले होते.

“एकदाही अडलं नाही?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. मास्तर खुर्चीत मागे रेलले. “सुटलो बाई! आठ वर्षं आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जात होतो मी.”

तुमच्याकडेही एखादी ‘खरी-फायनल’ पडून असेल. तिला उघडा, पण एकट्याने नको. जिने किंवा ज्याने ती लिहिली, त्या माणसाला शेजारी बसवा. ओझं त्याच्याही डोक्यावर असतं.